तह, पण वेगळा

८ सप्टेंबर १९५१. सॅन फ्रान्सिस्कोचं ऑपेरा हाउस. एकेक देशाचा प्रतिनिधी मंचावर येतो, टेबलाशी वाकतो, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी होणाऱ्या शांतता तहावर सही करतो आणि जागेवर जातो. हे जपानचे पंतप्रधान शिगेरू योशिदा. त्यांचं आदल्या दिवशीचं भाषण कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर लिहिलेलं होतं. वाचता वाचता ती कशी उलगडत जाते, बघा.

जपान धरून ४९ देशांनी सह्या केल्या. सोव्हिएत संघाचे प्रतिनिधी ग्रोमिको आले, कडाडून बोलले आणि सही न करता परतले. चीनला बोलावणंच नव्हतं. भारताला होतं. भारत गेला नाही.

कारणं ऑगस्टमध्येच अमेरिकेला लेखी कळवली होती. परक्या फौजा ठेवायच्या की नाही, हे जपान स्वतंत्र झाल्यावर स्वतः ठरवेल. ती सोय तहातच कशाला? जपानच्या दक्षिणेची रयुक्यू आणि बोनिन बेटं जपानकडे का नकोत? फोर्मोसा, म्हणजे आजचं तैवान, चीनला परत, असं स्पष्ट का लिहीत नाही? सही झाली त्याच दिवशी, त्याच शहरात, योशिदांनी अमेरिकी फौजांना राहू देणाऱ्या दुसऱ्या करारावरही सही केली. दिल्लीची शंका उगाच नव्हती.

(हत्तिणीची चित्रं. दहा सेकंद निवेदन नाही.)

ही इंदिरा. टोकियोच्या मुलांनी हत्ती मागितला, म्हणून नेहरूंनी १९४९ मध्ये उएनोच्या प्राणिसंग्रहालयाला पाठवलेली. तेव्हा कागदोपत्री दोन्ही देशांत युद्ध चालूच होतं!

ते संपलं २८ एप्रिल १९५२ ला. सॅन फ्रान्सिस्कोचा तह लागू झाला त्याच दिवशी भारतानं आपल्यापुरतं युद्ध संपल्याचं जाहीर केलं. मग ९ जूनला टोकियोत स्वतंत्र तह झाला. जपानतर्फे परराष्ट्रमंत्री ओकाझाकी, भारतातर्फे के. के. चेट्टूर.

कॅमेरा आता सहाव्या कलमावर. युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा सगळा हक्क भारत सोडतो. चौथं कलम त्याहून मोठ्या मनाचं: भारत सरकारच्या ताब्यात असलेली जपानी मालमत्ता परत. सॅन फ्रान्सिस्कोच्या तहात ती ठेवून घ्यायची मुभा होती.

अंदमाननं तीन वर्षांहून जास्त जपानी अंमल सोसला होता. त्याचाही हिशेब या सहाव्या कलमातच मिटला. ब्रह्मदेशानं १९५४ च्या आपल्या वेगळ्या तहात भरपाई घेतली. १९५८ मध्ये जपाननं पहिलं येन-कर्ज दिलं, ते भारताला.

(जपानी फौजांशी लढताना पडलेल्या सैनिकांचं कोहिमाचं युद्धस्मशान. थडग्यांच्या ओळी. निवेदन नाही.)