खिडकीची सीट

(फोंड्याचा बसस्टँड, सकाळचे साडेसात. "पणजी पणजी पणजी" अशी कंडक्टरची हाक. खिडकीशी एक मुलगा, हातात निन्टेन्डोचा स्विच, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला लावून गेम खेळायचं यंत्र.)

हा माझा मामेभाऊ. रोज फोंड्याहून पणजीला कॉलेजला जातो, फर्मागुडी, म्हार्दोळ, बाणस्तारी, जुने गोवे करत तासभर लागतो आणि तेवढा तास तो गेम खेळतो. आत्ता त्याच्या हातात जो गेम आहे ना, त्याला जगभरच्या समीक्षकांनी शंभरपैकी नव्वदच्या वर गुण दिलेत. चार महिने पैसे साठवून घेतला त्याने, दुकानदार परत घेत नाही, आणि पहिल्याच दिवशी बसमध्ये कळलं की त्यातली अक्षरं एवढी बारीक आहेत की बस खड्ड्यात गेली की ओळच हरवते, आणि अर्धा गेम तर वाचण्याचाच आहे. मी घरी येऊन एकेक परीक्षण काढून वाचलं, दहा-बारा तरी असतील. जवळजवळ सगळ्यांनी तो मोठ्या टीव्हीला लावून, सोफ्यावर बसून खेळला होता. कोणी खोटं लिहिलं नव्हतं हां. त्यांना अक्षरं नीट दिसत होती, म्हणून तो मुद्दा त्यांच्या डोक्यातच आला नाही.

तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घर करून बसलाय.

(जत्रेचा मंडप, रात्र. पेटी-तबल्याचा आवाज. मग सकाळ, चहाचं दुकान.)

आमच्याकडे समीक्षा कशी चालते ते आधी सांगते. जत्रेला रात्री देवळासमोर नाटक असतं, गावातलीच माणसं करतात, पहाटेपर्यंत चालतं. सकाळी चहाच्या दुकानावर कोणाला विचारा, "कशें जालें नाटक?" तर पहिलं उत्तर नाटकाबद्दल नसतंच, जागेबद्दल असतं. मी मागे तुळशीकडे होतो, दुसऱ्या अंकात काहीच ऐकू आलं नाही. मी पुढे पेटीवाल्याच्या बाजूला होतो, काय पदं म्हटली त्याने! माझे आजोबा कला अकादमीच्या स्पर्धेतलं नाटक बघून आले तरी आधी कितव्या रांगेत बसलो होतो ते सांगायचे, मग नटांकडे वळायचे. त्यामुळे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं की कोणाचं म्हणणं कितपत धरायचं.

गेमच्या परीक्षणातून नेमकी ही जागाच गळते. आणि हातात धरून खेळायच्या गेमच्या परीक्षणात जागा गळली तर माझ्या मते फार काही उरत नाही.

१९८९ सालचा गेमबॉय घ्या, निन्टेन्डोचाच, हातात धरून खेळायचा. रंग नाहीत, हिरवट पडद्यावर चार छटा, आत लाइट नाही, म्हणजे संध्याकाळ झाली की ट्यूबखाली जाऊन बसायचं. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, रंगीत, आतून उजळणारा. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर, तोही रंगीत. तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नुसत्या पडद्याचे गुण द्यायचे तर गेमबॉय शेवटचा. पण गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे, गेमबॉय चार सेलवर दहा तासांच्या वर सहज चालायचा. सेल आणायला ज्याला दर वेळी आईकडे पैसे मागावे लागतात त्याचं परीक्षण वेगळंच असणार ना. गेमबॉय ज्यांनी घडवला ते गुनपेई योकोइ ह्यांचं धोरणच असं होतं की तंत्र जुनं, स्वस्त झालेलं, पूर्ण हाताखालचं घ्यायचं आणि वापर मात्र नवीन शोधायचा. गेमबॉय आणि गेमबॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर खपले.

आमच्या वाड्यावर खरा गेमबॉय एकाच घरात होता, त्यांचा मामा तारवटी, बोटीवरून उतरताना घेऊन आला होता. बाकी आम्हा सगळ्यांकडे म्हापशाच्या बाजारातला ब्रिक गेम, विटा रचायचा स्वस्तातला, वर ९९९९ गेम असं छापलेलं, आत मोजून पाच-सहा. चवथीला लाइट गेले की गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली समईच्या उजेडात आम्ही तो खेळायचो, आणि मला अजून वाटतं की त्या उजेडात त्याच्याइतका चांगला गेम दुसरा नसेल.

(जुन्या मासिकांची पानं. मग मोबाइलच्या पडद्यावर आकडे.)

आता गुणांकडे येऊ. जपानमध्ये गेमवरचं फामित्सू नावाचं नियतकालिक १९८६ साली सुरू झालं, पुढे ते साप्ताहिक झालं. त्यांची पद्धत मला फार आवडते. एका गेमला चार परीक्षक, प्रत्येकाकडे दहा गुण, आणि चौघांचे आकडे वेगवेगळे छापतात, म्हणजे तिघांना आवडला आणि चौथ्याला नाही हे वाचकाला उघड दिसतं. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा १९९८ साली मिळाले, झेल्डा मालिकेतल्या 'ऑकरिना ऑफ टाइम'ला. नंतर २००१ साली मेटाक्रिटिक नावाचं संकेतस्थळ आलं. ते ठिकठिकाणच्या समीक्षकांचे गुण गोळा करतं आणि त्यांची एकच सरासरी काढतं, कोणाच्या मताला किती वजन ते बाहेर सांगत नाही. ऑकरिनाला तिथे शंभरपैकी ९९. ठीक आहे, मोठा गेम आहे, पण त्या एका आकड्यात तो चौथा माणूस कुठे गेला?

आणि ह्या आकड्यावर माणसांचे पैसे अडकलेले असतात. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' २०१० साली आला, ऑब्सिडियन नावाच्या स्टुडिओने बनवला, प्रकाशक बेथेस्डा. मेटाक्रिटिकवर ८५ झाले तर स्टुडिओला बोनस असं ठरलं होतं. झाले ८४. बोनस गेला. हे २०१२ साली त्या स्टुडिओच्याच ख्रिस अव्हेलोन ह्यांनी जाहीर सांगितलं. एक गुण! सुरुवातीला त्या गेममध्ये चुका भरपूर होत्या हे खरंय, समीक्षकांनी त्या लिहिल्या तेही बरोबरच केलं, पण लिहिणाऱ्या कोणालाही आपण कोणाचा बोनस ठरवतोय असं वाटलं नसेल, आणि मला वाटतं हा दोष लिहिणाऱ्यांचा नाही, अख्खा लेख सोडून आकडा तेवढा उचलणाऱ्यांचा आहे.

जागा लपवली की काय होतं ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण 'सायबरपंक २०७७'. डिसेंबर २०२०. बाजारात यायच्या आधी समीक्षकांना गेम दिला तो फक्त पीसीवरचा. चांगल्या, महागड्या पीसीवर तो छान चालत होता, गुण छान आले, आणि लोकांनी ते बघून पीएस४ आणि एक्सबॉक्स वन ह्या टीव्हीला लावायच्या गेमयंत्रांसाठी घेतला. तिथे चित्र अडकतंय, माणसं हवेत तरंगतायत, गेम मधेच बंद पडतोय. १० तारखेला आला आणि १७ तारखेला सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, पैसे परत देतो म्हणाले, परत आला तो २०२१च्या जूनमध्ये. आता मेटाक्रिटिकवर बघा, पीसीवर ८६ आणि पीएस४वर ५७. नाव एकच, गेम एकच.

नीट काम करणारे पण आहेत, ते सांगायलाच पाहिजे. २०१९ साली 'द विचर ३' स्विचवर आला, एवढा अवाढव्य गेम ३२ जीबीच्या एका छोट्या कार्डावर बसवलेला. हातात धरला की चित्र जास्तीत जास्त ५४० ओळींचं, टीव्हीला लावला की ७२०. त्या वेळच्या बऱ्याच परीक्षणांत हे दोन्ही अनुभव वेगवेगळे लिहिले होते, की टीव्हीवर धूसर दिसतो, तिथे घेऊ नका, पण प्रवासात अख्खा गेम पिशवीत असणं ही गोष्टच वेगळी. असं वाचलं की मला बसच्या खिडकीशी बसून निर्णय घेता येतो. स्विच भारतात अधिकृतपणे कधी आलाच नाही, पणजीत नाहीतर मडगावात मिळतो तो बाहेरून आणलेला, आधी चालवून बघायला कोणी देत नाही, त्यामुळे आमच्यासाठी ते चार परिच्छेद म्हणजेच दुकान.

(पडद्यावर राजस्थानी वाटणारे महाल, हातात त्रिशूळ घेतलेली मुलगी.)

आणि जागा म्हणजे नुसती खुर्ची नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या स्टुडिओने 'राजी' नावाचा गेम केला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही, तरी सोडला नाही, आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी स्विचवर आला. राजी नावाची मुलगी, तिच्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात, ती शोधायला निघते, आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत बोलत आपल्याला सांगतात. परदेशातल्या समीक्षकांनी चित्रांचं आणि संगीताचं भरभरून कौतुक केलं, मारामारी जड वाटते आणि शेवट अचानक येतो असंही लिहिलं. मला ते पटतं. पण दोन देव वरून एका पोरीकडे बघत बोलतायत ही गोष्ट त्यांच्यासाठी नवीन होती, आणि मी ती कीर्तनात मांडी घालून ऐकलेली आहे, माझ्या आजीने गोलूचं नाव ऐकून "अगो, कोणाचा गो तो?" असं विचारलं. तिथे मी पहिल्या रांगेत होते, ते तुळशीकडे. ह्या गेमवर मराठीत, गोव्यात बसून, कोणीतरी सविस्तर लिहायला हवं असं मला तेव्हापासून वाटतंय.

(बस रायबंदरच्या बांधावर. मांडवीवरून आलेला उजेड थेट पडद्यावर. मुलगा स्विच तिरका धरतो, मग बंद करतो.)

मामेभावाला मी म्हटलं, तुझ्या त्या बारीक अक्षरांच्या गेमपासून तूच सुरुवात कर. लिहायचा कंटाळा, म्हणून त्याने काल घरच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला, मागे कंडक्टर ओरडतोय तो पण ऐकू येतो.

"फोंडा ते पणजी, खिडकीची सीट, उन्हाची बाजू. अक्षरं वाचता येत नाहीत. बाणस्तारीच्या पुलापर्यंत मारामारी मस्त चालते, नंतर पडद्यावर आपलंच तोंड दिसतं. गाणी चांगली, पण हेडफोन पाहिजे. गोष्ट कशी आहे ते चवथीच्या सुट्टीत तुमच्या टीव्हीला लावून बघतो, मग सांगतो."