‘कोणत्याही दोन व्यक्ती’

स्क्रीनवर जो कागद दिसतोय ना, तो जरा नीट बघा. विशेष विवाह कायदा, १९५४. आपण ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतो ते ह्या कायद्याखाली होतं आणि हा त्याला जोडलेला नोटिशीचा नमुना. नाव, व्यवसाय, वय, राहायचा पत्ता, आणि मध्येच एक रकाना, लग्नाआधीची स्थिती. वरच्या माणसासाठी पर्याय काय, तर अविवाहित, विधुर, घटस्फोटित. खालच्या माणसासाठी अविवाहित, विधवा, घटस्फोटित. संपलं. म्हणजे ह्या रकान्यात पुरुष किंवा स्त्री हा शब्द न लिहिताच कागदाने ठरवून टाकलंय की टेबलासमोर कोण कोण उभं राहणार आहे.

आता ह्याच कायद्याचं कलम ४ काढा. ते सुरूच होतं ‘कोणत्याही दोन व्यक्तींचं लग्न’ अशा अर्थाच्या शब्दांनी. कोणत्याही दोन व्यक्ती! आणि थोडं खाली गेलं की अट येते, पुरुषाचं वय २१ पूर्ण हवं आणि स्त्रीचं १८. २०२३ साली समलिंगी जोडप्यांच्या लग्नावरून सुप्रीम कोर्टात जी दहा दिवस खडाजंगी झाली त्यातला मोठा भाग ह्या दोन ओळींमधल्या जागेवरच चालला होता.

हाच कायदा का निवडला, तर त्याचा इतिहासच तसा आहे. १८७२ मध्ये इंग्रजांनी ह्याचा पहिला अवतार आणला तेव्हा लग्न करणाऱ्याला लिहून द्यावं लागायचं की मी अमुक अमुक धर्म पाळत नाही. १९५४ मध्ये ती कटकट गेली, आपापला धर्म ठेवून लग्न करता यायला लागलं. थोडक्यात काय, तर घरच्यांनी, जातीने, धर्माने ज्यांना ‘हे लग्न होऊच शकत नाही’ म्हणून सांगितलं त्यांच्यासाठी सरकारने उघडलेली ही खिडकी. (तिथेही ३० दिवसांची नोटीस ऑफिसच्या भिंतीवर लागते आणि कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो, घरातून पळून आलेल्या जोडप्यांना विचारा ते ३० दिवस कसे जातात, पण तो वेगळा विषय.)

थोडं मागे जाऊ. आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिता, १८६० सालची आणि त्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ते कलम ३७७. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये त्याची नांगी काढली, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती परत लावली, २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, आणि मग ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी एकमताने म्हटलं की दोन प्रौढ माणसं संमतीने काय करतात तो गुन्हा नाही. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी तर निकालात लिहिलं की ह्या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची इतिहासाने माफी मागायला हवी.

२००९ आणि २०१८ च्या निकालांत एक शब्द सारखा येतो, घटनात्मक नैतिकता, म्हणजे लोकांच्या रूढींपेक्षा घटनेची मूल्यं वरची मानणं. तो आला बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणातून. ती माणसात आपोआप नसते, रुजवावी लागते, असं ते म्हणाले होते. आणि हे माहीत नसलेले बरेच जण असतील म्हणून सांगतो, त्याच्या चौदा वर्षं आधी, १९३४ मध्ये, हेच बाबासाहेब मुंबई हायकोर्टात र. धों. कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले होते. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला होता, वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांबद्दलचेही होते. केस हरले, दंडही झाला. तेव्हा ‘हे सगळं परवा परवा बाहेरून आलेलं फॅड आहे’ असं कुणी म्हणालं की मला हा खटला आठवतो.

तर २०१८ ला गुन्हा गेला. पण गुन्हा नसणं वेगळं आणि कागदावर कुणीतरी असणं वेगळं. दहा वर्षं एका घरात राहणारे दोघे, एकाला आयसीयूत टाकलं, बाहेर नर्स फॉर्म घेऊन उभी आणि विचारते पेशंटचे तुम्ही कोण. काय लिहायचं? मित्र. भाऊ लिहावं तर आडनाव जुळत नाही. ग्रॅच्युइटी, पेन्शन, पीएफ, मृत्युपत्र नसेल तर वारसा, सगळीकडे तोच एक रकाना, नातं. मुद्दा मांडवाचा आणि वरातीचा कधी नव्हताच, मांडव कुणीही घालू शकतं, त्याला कोर्ट लागत नाही. हा रकाना भरायला लागतं.

ह्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या एका जोडप्याने याचिका केली, मग आणखी बऱ्याच याचिका त्याला येऊन मिळाल्या आणि १८ एप्रिल २०२३ ला घटनापीठासमोर सुनावणी सुरू झाली. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड, न्यायमूर्ती कौल, भट, कोहली आणि नरसिंहा. कोर्टाने आधीच सांगून टाकलं की हिंदू विवाह कायदा वगैरे धर्माच्या कायद्यांना आम्ही हात लावणार नाही, बोलायचं ते विशेष विवाह कायद्यावर बोला.

सरकारने प्रतिज्ञापत्रात ह्याला शहरी उच्चभ्रू विचार म्हटलं. हा मुद्दा मला अगदीच पोकळ वाटला, आणि चंद्रचूडांनीही निकालात लिहिलं की शेतात राबणारी बाईसुद्धा क्वीअर, म्हणजे स्त्री-पुरुष जोडीच्या ठरीव चौकटीबाहेरची, असू शकते. पण सॉलिसिटर जनरल तुषार मेहतांचा दुसरा मुद्दा तसा झटकून टाकण्यासारखा नव्हता. ते म्हणाले की ‘पती’ आणि ‘पत्नी’ हे शब्द बदलायला गेलात तर दीडशेच्या वर कायदेशीर तरतुदींना धक्का लागेल. घटस्फोटाची काही कारणं फक्त बायकोलाच दिलेली आहेत, पोटगी बायकोला मिळते, मग दोन पुरुष असतील तर बायको कोण? हे प्रश्न खरे आहेत. फक्त मला असं वाटतं की ते अवघड आहेत म्हणून कायदा लिहायचाच नाही असं त्यातून निघत नाही, कायदा नीट बसून लिहा एवढंच निघतं.

१७ ऑक्टोबर २०२३. निकाल. पाच न्यायाधीश, चार वेगवेगळी निकालपत्रं.

बातम्यांमध्ये दिवसभर तीन विरुद्ध दोन, तीन विरुद्ध दोन चाललं होतं त्यामुळे अजूनही पुष्कळांना वाटतं की एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर लग्न मिळालं असतं. तसं नाहीये. लग्न करणं हा मूलभूत अधिकार नाही यावर पाचही जण एकत्र होते. विशेष विवाह कायद्यात शब्द घालणं किंवा काढणं आमचं काम नाही, संसदेचं, यावरही पाचही. फूट पडली ती पुढे. चंद्रचूड आणि कौल म्हणाले की लग्न नको, पण एकत्र राहण्याच्या नात्याला सरकारने काहीतरी कायदेशीर ओळख द्यायलाच हवी, आणि लग्न न झालेल्या जोडप्याने मिळून मूल दत्तक घेण्यावरची बंदी चुकीची आहे. बाकी तिघांनी दोन्हीला नाही म्हटलं. एक गोष्ट मात्र पाचही जणांनी मान्य केली, ट्रान्सजेंडर व्यक्ती जर स्त्री-पुरुष अशा नात्यात असेल तर तिचं लग्न आत्ताच्या कायद्यांतच होऊ शकतं.

आता इथे थोडं थांबूया, कारण खरी मेख इथेच आहे. २०१८ मध्येच ह्याच कोर्टाने हादियाच्या (वडिलांचा विरोध असताना धर्म बदलून लग्न केलेल्या केरळच्या मुलीच्या) केसमध्ये आणि खाप पंचायतींच्या केसमध्ये सांगितलं होतं की आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करणं हा घटनेच्या कलम २१ मधला, जीवन आणि स्वातंत्र्याचा, अधिकार आहे. मग २०२३ ला मूलभूत अधिकार नाही कसं काय? कोर्टाचं म्हणणं साधारण असं, की तुम्ही कुणाला निवडता त्यात बापाने, खापने, पोलिसांनी आड यायचं नाही हा अधिकार वेगळा, आणि तुमच्यासाठी सरकारने नवीन कायदा करून नोंदणीचं रजिस्टर उघडून बसावं हा अधिकार वेगळा. पहिला आहे, दुसरा नाही.

ऐकायला पटतं. पण माझी एक गाठ काही सुटत नाही. सरकारी नोकरी हा कुणाचाच मूलभूत अधिकार नाही, मान्य. पण एकदा का भरती काढली की जात बघून फॉर्म परत करता येत नाही ना. घटनेतली समानतेची कलमं १४, १५ आणि १६ तिथेच तर कामाला येतात, सरकार जे देतं ते देताना भेदभाव करू नये म्हणून. मग रजिस्टर ऑलरेडी उघडंच आहे, खिडकीही आहे, ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ असं लिहिलेलंही आहे, त्याचं काय? न्यायमूर्ती भटांचं उत्तर असं की १९५४ चा कायदा वेगवेगळ्या धर्मांच्या स्त्री-पुरुषांसाठी होता, दुसरं कुणी तेव्हा डोळ्यासमोरच नव्हतं, त्यामुळे ह्यांना वगळणं हा भेदभाव ठरत नाही. आणि तेच भट पुढे हेही मान्य करतात की पीएफ, ईएसआय (कामगार विमा) असल्या कमावलेल्या फायद्यांत जोडीदाराला जागा न मिळणं हा अन्याय आहे! म्हणजे दुखणं आहे हे डॉक्टरने कबूल केलं, औषध दुसऱ्या खिडकीत मिळेल म्हणाले.

साउथ आफ्रिकेत २००५ मध्ये तिथल्या कोर्टानेही काम संसदेवरच सोपवलं होतं, पण सोबत एक वर्षाची मुदत दिली. तैवानमध्ये २०१७ ला दोन वर्षांची दिली. दोन्ही ठिकाणी मुदतीत कायदा झाला. आपल्याकडे मुदत नाही, फक्त कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू असं सरकारने सांगितलं ते कोर्टाने नोंदवून घेतलं. आणि संसदेचं म्हणाल तर सुप्रिया सुळेंनी एप्रिल २०२२ मध्येच लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं होतं, ह्याच विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करायचं, दोघं पुरुष असतील तर वय २१, दोघी स्त्रिया असतील तर १८, इतकं बारीक लिहून. खाजगी विधेयकांचं पुढे काय होतं ते आपल्याला माहितीये.

समिती एप्रिल २०२४ मध्ये आली. त्यानंतर काही परिपत्रकं निघाली, रेशन कार्डासाठी जोडीदाराला एकाच घरातलं समजा, बँकेत जॉइंट खातं उघडायला आणि पार्टनरला नॉमिनी करायला अडचण नाही. छोटं आहे पण ज्याला लागतं त्याला ते छोटं नाही. पुनर्विचार याचिका मात्र ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या, उघड कोर्टात युक्तिवादही झाला नाही, चेंबरमध्येच.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टात एक जोडपं आलं. लग्नाचं त्यांनी काही मागितलंच नाही. इन्कम टॅक्सच्या कायद्यात असं आहे की वर्षभरात ५०,००० च्या वर भेट मिळाली तर ती तुमचं उत्पन्न धरून टॅक्स लागतो, पण भेट नातेवाइकाने दिली असेल तर नाही, आणि नवरा-बायको त्या नातेवाइकांच्या यादीत आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच की आम्ही एकमेकांना काही दिलं तर आम्हालाच टॅक्स का. प्रश्न परत कायद्यातल्या एका शब्दापाशी आला, ‘जोडीदार’ म्हणजे कोण. कायद्याच्या घटनात्मकतेलाच आव्हान आहे म्हणून कोर्टाने अ‍ॅटर्नी जनरलना नोटीस काढली.