गडग्याच्या दोन्ही अंगांना

नमस्कार मंडळी.

या वैशाखात आमच्या गावच्या रवळनाथाच्या देवळाचा वर्धापनदिन झाला. सकाळी अभिषेक, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी भजन आणि रात्री वाडीतल्या हौशी मंडळींचं मालवणी नाटक. आमचं गाव मालवण तालुक्यातलं. कलाकारांत निम्मे गावचे आणि निम्मे मे महिन्याच्या सुट्टीला आलेले चाकरमानी. नाटक होतं शेजाऱ्यांच्या भांडणाचं. ती रात्र अजून मनातून जात नाही, म्हणून आज तिच्याबद्दल बोलते.

पडदा बाजूला झाला आणि आधी दिसला तो गडगा. रंगमंचाच्या मधोमध, खरे दगड रचलेला, कमरेएवढा. त्याच्या एका अंगाला एक खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, दुसऱ्या अंगाला दुसरं. दोन्हीकडे तुळस, दोन्हीकडे वाळत घातलेली आमसुलं. माणसं यायच्या आधीच लोक हसायला लागले. प्रत्येकाला आपापलं खळं ओळखू आलं होतं.

घाटावरच्या श्रोत्यांसाठी सांगते. गडगा म्हणजे जांभ्याचे धोंडे एकावर एक रचून घातलेलं कुंपण. त्याला चुना नाही, सिमेंट नाही. पावसाळ्यात कुठे ना कुठे ढासळतो. पुन्हा घालताना एखादा धोंडा चार बोटं पलीकडे पडतो, कधी मुद्दाम, कधी नकळत. असे वीस पावसाळे गेले की हातभर जमीन इकडची तिकडे होते. त्यात सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची वीस-पंचवीस नावं, पोटहिस्से मोजलेले नाहीत आणि निम्मे वारसदार मुंबईत. आमच्याकडची भांडणं इथे रुजतात आणि नाटक लिहिणाऱ्या मुलाला हे नेमकं ठाऊक होतं.

नाटकातला माड एका घराचा, पण वाढलाय तो शेजारच्या खळ्यावर कलून. नारळ पडतो शेजाऱ्याकडे. शेजारीण तो उचलते, घरात नेते. माडवाला ओरडतो, "माड माझो हा!" ती म्हणते, "माड तुझो, मगे तेचो झाप माझ्या कौलार पडता तेव्हा कोणाचो असता?" झापाच्या, म्हणजे झावळीच्या, या एका वाक्याला देवळाचं आवार हादरलं. मला त्यातला न्याय आवडला. तिचं बरोबर होतं आणि त्याचंही बरोबर होतं. लेखकाने एका घराला दुष्ट ठरवलं असतं तर ते नाटक मी अर्ध्यावर सोडून आले असते.

पण खरी गंमत कोंबडीची. आमच्याकडे बोलणं बंद झालं की माणसं शेजाऱ्याशी थेट बोलत नाहीत. कोंबडीशी बोलतात, कुत्र्याशी बोलतात, चुलीशी बोलतात, पण आवाज असा लावतात की गडग्यापलीकडे शब्दन् शब्द जावा. नाटकातली म्हातारी तांदळाची कणी टाकता टाकता म्हणते, "अगे कोंबडे, तुका किती वेळा सांगलंय, गडग्याच्या पलीकडे जाव नको. थयसर माणसा ऱ्हवतत असा तुका वाटता?" माझी आजी हुबेहूब असं बोलायची. तोच सूर, मान न वळवता. ती जाऊन बरीच वर्षं झाली आणि तिचा आवाज मला त्या रात्री मांडवात ऐकू आला. म्हातारीचं काम करणारी बाई दिवसा अंगणवाडीत असते. तिने हे कुठून उचललं, हे तिला विचारायचीही गरज नाही.

दुसऱ्या अंकात लाईट गेली. पूर्ण काळोख. वाटलं, आता नाटक थांबणार. पण त्या काळोखात भांडण चालूच राहिलं! गडग्याच्या या बाजूने एक आवाज, त्या बाजूने दुसरा. लाईट कोणाच्या पायगुणाने गेली यावरूनही जुंपली आणि हे काही लिहिलेलं नसणार. रेडिओ ऐकणाऱ्यांना सांगायला नको, नुसत्या आवाजावर माणूस कसा उभा राहतो ते. ही मुलं दशावतार, म्हणजे आमच्याकडचं जत्रेतलं लोकनाट्य, बघत मोठी झाली आहेत. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. आख्यान ठरतं आणि नट उभ्या उभ्या बोलतो. त्यातला संकासूर राक्षस मालवणीत बोलून माणसांना हसवतो. मच्छिंद्र कांबळींनी ही बोली मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगमंचावर मानाने उभी केली, पण तिचं मूळ असं जत्रेतल्या मांडवात आहे.

मग वाटेचं प्रकरण. शिमग्यात शेजारी वाटेवर काटे टाकून ती अडवतो. अशा वहिवाटीच्या वाटेसाठी 1906 सालचा मामलेदार न्यायालय कायदा आजही लागू आहे. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावावा लागतो. नाटकातला म्हातारा म्हणतो, झील, म्हणजे मुलगा, गणपतीक येतलो, मगे बघूया. शिमग्यापासून गणपतीपर्यंत मोजा. साडेपाच महिने गेलेले, मुदत संपत आलेली! लोक पोट धरून हसत होते आणि माझ्या शेजारी बसलेल्या एक वहिनी हळूच म्हणाल्या, "आमचा असाच झाला." माझं हसू तिथेच थांबलं. तुमची वाट कोणी अडवली असेल, तर कृपा करून मुंबईच्या माणसाची वाट बघत बसू नका. आधी अर्ज द्या.

गणपतीचा प्रवेश मला सगळ्यात खरा वाटला. घरोघर आरत्या होतात तेव्हा बोलत नसलेला शेजारीही येतो. नाटकातला आला. दारात चपला काढल्या, आरतीला उभा राहिला, टाळ वाजवला, हातावर प्रसाद घेतला आणि एक अक्षर न बोलता निघून गेला. म्हातारी त्याच्या पाठीकडे बघत राहिली आणि कोंबडीला म्हणाली, "वायच बारीक झालो मां?" इतकंच.

त्यानंतरचा शेवट मात्र मला पटला नाही. तहसीलदार येतो, चार वाक्यं बोलतो आणि दोन्ही घरं गळ्यात गळे घालतात. इतकं नेमकं लिहिणाऱ्याने इथे घाई का केली? आमच्या घराचं आणि शेजारच्या काकांचं बोलणं सात वर्षं बंद आहे, पाण्याच्या पाटावरून. त्यांचं म्हणणं काय आहे हे मला ठाऊक आहे आणि आमचंही खोटं नाही. असं भांडण चार वाक्यांत मिटत नाही.

ते काका त्या रात्री माझ्या पुढच्याच रांगेत होते. कोंबडीच्या प्रवेशाला ते इतके हसले की खांद्यावरचा पंचा तोंडावर धरावा लागला. माझी आजी त्यांनीही ऐकलेली आहे, गडग्याच्या पलीकडून. अंक संपल्यावर त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग ते चहा प्यायला उठून गेले.

मंडळींना शेजारच्या दोन गावांतून बोलावणं आलंय. मृग लागायच्या आत प्रयोग करायचेत. तुमच्या जवळपास झाला तर जरूर जा. वेळ दहाची सांगतात, पण घंटा साडेअकराशिवाय होत नाही. बॅटरी न्या, अंथरायला चटई न्या आणि लवकर जाऊन मधली जागा धरा. कडेला बसलात तर गडग्याआडचं खळं नीट दिसत नाही.

नमस्कार.