तीन पानांची चेकलिस्ट आणि साडेतीन मिनिटे

नमस्कार. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या विमानाला सुमारे २८०० फुटांवर कॅनडा गीज पक्ष्यांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिनांचा जोर जवळजवळ नाहीसा झाला. हडसन नदीवर उतरेपर्यंत वैमानिकांच्या हाती जेमतेम साडेतीन मिनिटे होती.

कॅप्टन सलनबर्गर यांनी विमान स्वतःच्या हाती घेतले आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांना चेकलिस्ट काढायला सांगितले. स्काइल्स यांचे या एअरबस ए-३२० प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण नुकतेच झाले होते, त्यामुळे ती पाने त्यांच्या डोक्यात ताजी होती. मात्र दोन्ही इंजिने बंद पडल्यावर वापरायची ही तीन पानांची चेकलिस्ट, विमान वीस हजार फुटांच्या वर आहे आणि हाताशी भरपूर वेळ आहे, असे गृहीत धरून लिहिलेली होती. इंजिन पुन्हा सुरू करण्यासाठी ३०० नॉट वेग हवा, असे स्काइल्स यांनी वाचले आणि लगेच म्हटले की तेवढा वेग आपल्याकडे नाही. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो, कारण त्यांनी कागद बाजूला टाकला नाही आणि त्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. जे लागू पडत नाही ते ओळखून ते पुढच्या ओळीकडे वळले.

दरम्यान सलनबर्गर यांनी शेपटीकडचे छोटे सहायक इंजिन, म्हणजे एपीयू, सुरू केले होते. चेकलिस्टमध्ये ही पायरी बरीच पुढे होती. पण आधी वीज टिकवायला हवी, हे त्यांनी हेरले. त्यामुळे ए-३२० ची संगणकीय नियंत्रणे आणि विमानाला धोक्याच्या स्थितीत जाऊ न देणारी त्यांची संरक्षणे शेवटपर्यंत पूर्ण क्षमतेने चालू राहिली. असा निर्णय यंत्रणेच्या खोल जाणिवेतूनच येतो. नुसत्या धाडसाला मी निर्णयक्षमता म्हणणार नाही.

नियमांनाही हे मान्य आहे. आणीबाणीला तोंड देण्यासाठी जरूर असेल तेवढ्यापुरते नियम सोडण्याची मुभा अमेरिकन कायदा विमानाच्या प्रमुख वैमानिकाला देतो, आणि ‘तेवढ्यापुरते’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो आहे.

विमानातील सर्व १५५ जण वाचले. पाण्याखाली जाणाऱ्या झडपा बंद करणारे बटण मात्र दाबायचे राहिले, कारण त्याचा उल्लेख असलेला भाग चेकलिस्टमध्ये पुढे होता आणि तिथवर पोहोचायला वेळच मिळाला नाही. तपास करणाऱ्या एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, पुढे शिफारस केली की, कमी उंचीवर दोन्ही इंजिने गेल्यास वापरता येईल अशी वेगळी चेकलिस्ट तयार करावी.