1905: सैन्य मांचुरियात, उठाव रशियात

नमस्कार. 1905 च्या रशियन क्रांतीचा विषय निघाला, की सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्याकडे निघालेला निःशस्त्र जमाव आणि त्याच्यावर झालेला गोळीबार हेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. ते चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. त्या वर्षी झारची सत्ता डळमळली का आणि तरीही ती टिकली कशी, हे समजून घ्यायचे असेल, तर आपल्याला हजारो किलोमीटर पूर्वेला, ईशान्य चीनमधील मांचुरियाच्या रणांगणावर आणि तिथे नेणाऱ्या रेल्वेमार्गावर लक्ष द्यावे लागेल. (तारखा आजच्या कालगणनेनुसार सांगतो आहे, रशियातील तेव्हाची गणना तेरा दिवसांनी मागे होती.)

कोरिया आणि मांचुरिया कोणाच्या वर्चस्वाखाली राहणार, या वादातून 8 फेब्रुवारी 1904 च्या रात्री जपानी आरमाराने पोर्ट आर्थर या मांचुरियातील रशियन नाविक तळावर हल्ला केला. रशियाकडे माणसांची कमतरता नव्हती. अडचण होती ती माणसे तिथवर पोहोचवण्याची. सैबेरियाचा लोहमार्ग बराचसा एकेरी होता आणि बैकाल सरोवरापाशी तर तो तुटलेलाच होता, कारण सरोवराला वळसा घालणारा टप्पा अजून पूर्ण व्हायचा होता. म्हणून त्या हिवाळ्यात गोठलेल्या सरोवराच्या बर्फावर थेट रूळ अंथरण्यात आले आणि त्यांवरून घोडे जुंपून डबे ओढले गेले. इंजिनाचे वजन बर्फाला पेलेना, तेव्हा इंजिने सुटी करून पलीकडे न्यावी लागली. एवढे मोठे साम्राज्य ज्या एका वाटेच्या भरवशावर लढत होते, तिची अवस्था ही होती, आणि पुढे उठावाच्या काळातही हीच वाट निर्णायक ठरली.

2 जानेवारी 1905 रोजी पोर्ट आर्थर पडले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 22 जानेवारीला, सेंट पीटर्सबर्गच्या पुतिलोव्ह कारखान्यातील काही कामगारांच्या बडतर्फीवरून सुरू झालेल्या संपातून तो प्रसिद्ध मोर्चा निघाला. फादर गापोन यांनी नेलेल्या अर्जात आठ तासांचा कामाचा दिवस आणि लोकांनी निवडलेली घटना समिती या मागण्या होत्या, आणि युद्ध थांबवण्याचीही मागणी होती. या शेवटच्या मागणीचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही, तो व्हायला हवा. झार त्या दिवशी राजवाड्यात नव्हताच. सरकारी आकड्यानुसारही सुमारे 130 माणसे मारली गेली.

मार्चमध्ये रशिया मांचुरियातील मुक्देनची लढाई हरला. मे महिन्याच्या अखेरीस, बाल्टिक समुद्रातून निघून आफ्रिकेला वळसा घालून आलेले रशियन आरमार जपानच्या अ‍ॅडमिरल टोगोने त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत दोन दिवसांत संपवले. एका आशियाई देशाच्या या विजयाने पुण्या-मुंबईतही उत्साह संचारला होता. पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच पुढचे सेनापती बापट, पुढे पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकले, तीही रशियन क्रांतिकारकांकडूनच.

त्सुशिमाच्या बातमीला महिना होतो न होतो, तोच काळ्या समुद्रात ‘पोटेम्किन’ या युद्धनौकेवर बंड झाले. 27 जूनची गोष्ट. खलाशांसाठी आणलेल्या मांसात किडे वळवळत होते. जहाजावरील डॉक्टर स्मिर्नोव्ह यांनी ते पाहून, धुऊन घेतले की मांस खाण्याजोगे आहे, असा निर्वाळा दिला. खलाशांनी त्या मांसाच्या सूपला हात लावला नाही. हा आज्ञाभंग ठरवून त्यांना डेकवर रांगेत उभे करण्यात आले, गोळ्या घालण्याची धमकी देण्यात आली आणि पुढच्या झटापटीत खलाशी वाकुलेन्चुक याला प्राणघातक गोळी लागली. कप्तान गोलिकोव्ह यांच्यासह सात अधिकारी मारले गेले. मला यापेक्षाही महत्त्वाची वाटते ती नंतरची घटना: बंडखोर नौका पकडण्यासाठी उरलेला ताफा आला, तेव्हा त्या नौकांवरील खलाशांनी तोफा डागण्याऐवजी जयघोष केला. कोळसा व पाणी संपत आल्यावर ‘पोटेम्किन’ने रुमानियाच्या कॉन्स्टान्त्सा बंदरात शरणागती पत्करली, परंतु हुकूम दिला की बंदूक चालेलच, हा सरकारचा विश्वास मात्र उडाला होता.

5 सप्टेंबरला पोर्ट्समथचा तह झाला. दक्षिण साखालिन गमावून झारने युद्ध संपवले. ऑक्टोबरमध्ये रेल्वे कामगारांपासून छापखान्यांपर्यंत सारा देश संपावर गेला आणि झारचे ज्येष्ठ मंत्री विट यांच्या आग्रहाखातर 30 ऑक्टोबरचा जाहीरनामा निघाला, ज्यात नागरी स्वातंत्र्य आणि ड्यूमा या कायदेमंडळाचे आश्वासन होते. युद्ध संपले होते, पण लाखो सैनिक अजून मांचुरियातच होते आणि संपामुळे परतीची गाडी मिळत नव्हती. घरी जाण्यासाठी आसुसलेले राखीव सैनिक सैबेरियाच्या स्थानकांवर अधिकाऱ्यांना जुमानेनासे झाले. चिता शहराचा ताबा तर कामगार व सैनिकांनीच घेतला.

डिसेंबरमध्ये मॉस्कोत सशस्त्र उठाव झाला, तेव्हा तिथल्या शिबंदीवर सरकारचा इतका अविश्वास होता, की बऱ्याच सैनिकांना बराकीतच ठेवण्यात आले. सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को हा लोहमार्ग मात्र सरकारच्या हाती राहिला होता. त्यावरून राजधानीतील सेम्योनोव्स्की पलटण आली आणि प्रेस्न्या ही कामगारवस्ती तोफांनी उद्ध्वस्त झाली. मग सैबेरियाचा मार्ग सोडवण्यासाठी दोन मोहिमा निघाल्या: मांचुरियातील हार्बिनहून जनरल रेनेनकाम्फ, मॉस्कोहून जनरल मेलर-झाकोमेल्स्की. मिसोवाया स्थानकावर तारखात्यातील कामगारांना खटल्याविना गोळ्या घालण्यात आल्या, आणि फेब्रुवारी 1906 च्या सुरुवातीला चिताही शरण आले. तह झाला नसता, तर निष्ठावान तुकड्या घेऊन हे सेनापती मोकळे झालेच नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट, मार्च 1917 मध्ये पेत्रोग्रादमध्ये (म्हणजे सेंट पीटर्सबर्गमध्येच, नाव तेवढे बदलले होते) पुन्हा जमाव रस्त्यावर आला, तेव्हा जर्मनीशी युद्ध सुरूच होते आणि जुन्या गार्ड पलटणींतील कसलेले सैनिक आघाडीवर कामी आले होते; राजधानीत उरले होते ते बहुतांशी नवे भरती झालेले जवान. 11 मार्चला जमावावर गोळीबार करणाऱ्या व्होलिन्स्की पलटणीच्या तुकडीने 12 तारखेच्या सकाळी पुन्हा रस्त्यावर जाण्यास नकार दिला आणि तीन दिवसांनी झार निकोलसने सिंहासन सोडले.