कुलूप लागलंय, पण हात ऐकत नाही

नमस्कार श्रोतेहो.

आमची आत्या गावाला निघाली की दाराचं कुलूप तीनदा ओढून बघायची. जिन्यापर्यंत यायची, परत फिरायची, पुन्हा तीनदा. एकदा त्यापायी एसटी चुकली. आतोबा वैतागले, "अगं, लागलंय ना कुलूप?" ती म्हणाली, "लागलंय हो, दिसतंय मला. पण हात ऐकत नाही."

घरात याला मंत्रचळ म्हणायचे. मंत्र चुकला की माणूस चळतो, अशी समजूत त्या शब्दामागे आहे. डॉक्टर ओसीडी म्हणतात, म्हणजे नको ते विचार मनात येत राहणं आणि त्यापायी तीच तीच कृती करत बसणं. मला आत्याचं वाक्य दोन्हींपेक्षा नेमकं वाटतं.

केंब्रिज विद्यापीठातले संशोधक क्लेअर गिलन, ट्रेव्हर रॉबिन्स आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही मनगटांना विजेचा झटका देणारी जोडणी. पडद्यावर खूण दिसली की पायाखालचं पेडल दाबायचं, म्हणजे झटका टळतो. थोड्या सरावानंतर ओसीडी असलेले आणि नसलेले सारखेच वागले. मग सराव खूप लांबवला आणि एका मनगटाची जोडणी काढली, तसं स्पष्ट सांगितलंही. तरी ओसीडीवाल्यांचा पाय इतरांपेक्षा जास्त वेळा पेडलवर गेलाच. आता झटका नाही, हे ठाऊक असून.

म्हणजे आमच्या आत्याचंच कुलूप की हो!

मेंदूत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. सरावाची कामं तिथे मुरतात. अमेरिकेत एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबिएल यांनी चक्रव्यूहात धावणारे उंदीर तपासले. वाट नवी असताना तिथल्या पेशी धावभर जाग्या. वाट अंगवळणी पडल्यावर मात्र सुरुवातीला आणि शेवटी खळबळ, मधे बरीचशी सामसूम. सगळी धाव एका गाठोड्यात बांधलेली. आपण गप्पा मारत पोळ्या लाटतो ते याच कृपेने. त्यामुळे सवयीला उगाच शिव्या घालू नयेत.

ओसीडीत भीतीपोटी सवय लागते, की सवय आधी आणि मन मागाहून भीती शोधून काढतं? गिलन यांचा कल दुसऱ्या बाजूला आहे. सगळ्या तज्ज्ञांना तो पटलेला नाही.

उपचार मात्र आहेत. 1966 मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर यांनी रुग्णांना भीतीच्या गोष्टीसमोर नेलं आणि धुणं-पुसणं करू दिलं नाही. आजची वर्तनोपचाराची पद्धत तिथून वाढली. 1992 मध्ये लुइस बॅक्स्टर यांना दिसलं, की औषधाने किंवा वर्तनोपचाराने बरं वाटलेल्यांच्या स्ट्रायटममधल्या कॉडेट या भागाची धावपळ मंदावते. नुसतं न करणं, तेही मेंदूपर्यंत पोचतं. घरात कुणाला असा त्रास असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर लिहून ठेवा.

आत्या साठीत डॉक्टरांकडे गेली. कुलूप एकदाच ओढायचं आणि जिन्यात बसायचं, असं ठरलं. आतोबांना ताकीद वेगळीच: तिने "लागलंय ना?" विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. त्यांना तेच जास्त जड गेलं. पहिल्या दिवशी आत्या पदराचं टोक पिळत चाळीस मिनिटं पायरीवर बसली. आतोबा खालच्या पायरीवर, तोंडावर पेपर धरून. तो उलटा होता, हे आत्यानेच नंतर हसत सांगितलं.