आधी चाचपा, मग चोळा
(माथेरानच्या घोडेवाल्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मालिशचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: घोडा जास्त चालेल का? मंडळी, मालिशचा पहिला फायदा घोड्याला नाही, तुम्हाला आहे. घोडा लंगडायला लागण्याआधी त्याचं दुखणं तुमच्या हाताला कळतं.

आपल्याला गळ्याखाली हासळीचं हाड असतं, घोड्याला ते नसतंच. त्याचे पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी आणि त्यांच्या पट्ट्यांनी बांधलेले असतात. उभ्या घोड्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन या पायांवर येतं. त्यात पाठीवर पर्यटक आणि समोर दस्तुरीच्या गाडीतळाकडचा उतार. म्हणून संध्याकाळी हात आधी मानेच्या बुडाशी आणि खांद्याच्या मागे जायला हवा. आपल्याकडे मात्र सगळं तेल गुडघ्याखाली जिरवतात. तिथे रगडण्याजोगा स्नायूच नाही, नुसत्या शिरा आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा!

खोगीर उतरवा, खरारा करा, मग पसरलेला तळवा ठेवा. माशी बसली तरी कातडी थरथरवणारं जनावर आहे हे, सुरुवातीलाच जोर कशाला? आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापासून सुरू करा. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते तिथेच. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. त्या जागी खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात, असं त्यात दिसलं. मान खाली आली, तोंड चघळल्यासारखं हललं की समजा, जमतंय.

मग पाठीच्या दोन्ही बाजू चाचपा. डावी-उजवीत फरक आहे का? एखादी जागा गरम, कडक लागते का? बोट लागताच पाठ खाली दबली, कान मागे गेले, तर आधी खोगीर उलटं करून बघा. मालिशने पाठीचे स्नायू सैल होतात, दाब सोसायची ताकद वाढते. हे यंत्राने मोजलेलं आहे. पण उद्या तेच टोचणारं खोगीर आणि तोच करकचून आवळलेला तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, असेल, तर आजची मेहनत फुकट.

मालिशने मेहनतीनंतर स्नायूंत साठलेलं लॅक्टिक आम्ल निघून जातं, असं सांगणारे भेटतील. ते तासा-दोन तासांत आपोआप कमी होतं. कामानंतर थोडं संथ चालवलंत तर त्याला मदतच होते. तेल कोणतं, हेही विचारतात. माझं मत, खोगिराखाली कोणतंच नको. त्यावर इथली लाल माती बसते आणि कातडी सोलते.

ताप, जखम, गरम सूज असेल तर मालिश नाही. आणि एक खास लक्षात ठेवा. काम करताना किंवा लगेच नंतर घोड्याचे पुठ्ठे दगडासारखे झाले, घाम फुटला, पाऊल उचलेना, लघवी कॉफीच्या रंगाची आली, तर स्नायू आतून फुटताहेत. अशा वेळी चोळू नका, चालवून मोकळा करायला जाऊ नका. जागेवर उभा ठेवा, पाणी पुढे ठेवा आणि डॉक्टरांना फोन लावा.